लुगड्यांची मोजदाद

आजीकडे लुगडी किती आहेत, हा प्रश्न सरकारने विचारला होता. छापील फॉर्मवर, अनुक्रमांक घालून.

२००२ सालचं दारिद्र्यरेषेचं सर्वेक्षण ते. प्रत्येक कुटुंबाला तेरा प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, म्हणजे सगळे मिळून बावन्न. शाळेतल्या परीक्षेच्या अगदी उलट हिशोब होता. गुण जितके कमी तितकं कुटुंब गरीब, आणि जितकं गरीब तितकं घरकुलाच्या यादीत वर. जमीन किती, घर कसलं, शौचालय आहे का, कर्ज कोणाकडून काढलं, पोरं शाळेत जातात की कामाला, दोन वेळ जेवायला मिळतं का. आणि मधेच एक प्रश्न कपड्यांचा: माणशी कपडे किती? दोनाहून कमी असतील तर शून्य, दहा किंवा त्याहून जास्त असतील तर चार.

नाशिकजवळच्या एकलहऱ्याला नाल्याच्या कडेला आमची झोपडी होती. सर्वे करणारा मुलगा तिच्या दारात पालथ्या घमेल्यावर बसला होता आणि भोवती अर्धी वस्ती उभी होती. तेव्हा माझी नोकरी नुकतीच लागली होती. आजीला मी आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं, जे आहे तेच सांग, फुगवून सांगू नको. तिने मान हलवली होती.

"आजी, लुगडी किती तुमच्याकडं?"

आजीने गर्दीवरून नजर फिरवली. गावठाणातून कोणाच्या तरी कामाला आलेली तिची थोरली जाऊ तिथेच उभी होती, कमरेवर हात ठेवून. आजी म्हणाली, "लई हायेत. पेटी भरल्याय."

"आणि जेवणाचं? दोन वेळ?"

"आमच्या चुलीला कदी खाडा न्हाई."

मुलाने लिहून घेतलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. पेटीत एक लुगडं होतं, भीमजयंतीचं. दुसरं दोरीवर वाळत होतं आणि तिसरं आजीच्या अंगावर. त्या दोन उत्तरांनी आमचे गुण वाढले आणि घरकुल पुढच्या कित्येक वर्षांसाठी लांब गेलं. त्या रात्री मी तिच्याशी भांडले. तिने ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाली, "तिच्यादेखत सांगू व्हय, तीनच हायेत म्हनून?"

तिच्यादेखत म्हणजे थोरलीदेखत. ही गोष्ट समजायची तर १९६४ सालापर्यंत मागे जावं लागतं. मी हे सगळं आजीच्या तोंडून तुकड्यातुकड्याने ऐकलं, भाकऱ्या थापताना, कांदे निवडताना, आणि दवाखान्याच्या बाकावर नंबर येईपर्यंत.

आमचं मूळ घर गावठाणात, महारवाड्यात. पणजोबांची जागा, दोन भावांत वाटलेली, मधे मातीची भिंत. महार वतनाच्या, म्हणजे हाडोळ्याच्या जमिनीतला एक तुकडा होता, तो कर्जापायी कधीच हातचा गेला होता. वतनं खालसा झाली तेव्हा ज्यांच्या हातात काही उरलं होतं त्यांनी सरकारात पैसे भरून जमिनी नावावर करून घेतल्या. आजोबांकडे भरायला पैसेही नव्हते आणि नावावर करायला जमीनही नव्हती. मग दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला. दादासाहेब आपल्याच जिल्ह्यातले, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. १९५९ मध्ये एकदा आणि मग ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर. मागणी साधी होती: पडीक, गायरान, सरकारी जमीन आहे ती कसणाऱ्या भूमिहीनाला द्या. लोक निळे झेंडे घेऊन जायचे आणि पोलिसांच्या गाडीत बसायचे. माझे आजोबाही बसले. त्यांना नाशिकरोडच्या जेलात ठेवलं, घरापासून जेमतेम दोन-अडीच कोसांवर.

जेलातल्या आठवणी ते कमीच सांगत. एक मात्र पुन्हा पुन्हा सांगायचे. "पक्क्या छताखाली मी पयल्यांदा झोपलो ते तितं. रात्री पाऊस आला, आन् मी सवयीनं उठून बसलो, भांडं कुटं लावायचं म्हनून."

ते आत होते तेवढ्या दिवसांत मधली भिंत पडली आणि थोरलीने ती पुन्हा बांधून घेतली. आजीचं म्हणणं, एक हात आमच्या बाजूला सरकवून बांधली. थोरलीचं म्हणणं, होती तिथेच बांधली. त्या एका हातावरून दोघी जावा जवळजवळ पंचावन्न वर्षं एकमेकींशी नीट बोलल्या नाहीत. आजोबा सुटून आले, भांडण विकोपाला गेलं, आणि आजीने पोर काखेला मारून गावठाण सोडलं.

जायला ठिकाण होतं, कारण तेव्हा एकलहऱ्याला पावरहाऊसचं काम निघालं होतं. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली झालं आणि नाशिकजवळ गोदावरीच्या काठी औष्णिक केंद्र उभारायचं ठरलं. पाणी नदीचं, कोळसा रेल्वेने. आजोबांना मुकादमाकडे पाया खणायचं काम लागलं. आजी डोक्यावरून खडी वाहायची. मजुरांची पालं जिथे पडली होती तिथेच आमचंही पडलं: चार मेढी, तुराट्यांचा कूड, वर पाचट. सप्टेंबर १९६९ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला. नाशिकमध्ये त्या पुराच्या खुणा लोक अजून दाखवतात. आमचं पाल रात्रीत गेलं. आजीला आठवत होतं ते असं: पाण्याचा आवाज नव्हता, फक्त अंधारात कोंबड्या ओरडत होत्या. पाणी ओसरल्यावर जरा उंचवट्यावर, नाल्याच्या वरच्या अंगाला त्यांनी पुन्हा मेढी रोवल्या. ती जागा कोणाची, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं आम्ही तिथेच होतो.

१९७० मध्ये पहिला संच चालू झाला, १९७१ मध्ये दुसरा, १४० मेगावॉटचे. १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे आणखी तीन आले. आता पहिले दोन बंद होऊनही बराच काळ लोटला. चिमणीचं टोक आमच्या दारातून दिसायचं आणि रात्री त्यावरचे लाल दिवे. वडील सांगतात, लहानपणी त्यांना वाटायचं की ते दिवे त्यांच्या बापाने लावलेत. पायाच्या खड्ड्यात उभं राहिलेल्या माणसाच्या पोराला असं वाटणारच.

आजोबा कायम झाले नाहीत. काम संपलं तसं मुकादम दुसऱ्या गावी गेला. प्रकल्पासाठी ज्यांच्या जमिनी जातात त्यांना प्रकल्पग्रस्त म्हणतात, त्यांच्यासाठी राज्याने १९७६ मध्ये पुनर्वसनाचा कायदा केला, पुढे १९८६ आणि १९९९ मध्ये नवे केले. प्रकल्पग्रस्ताचा दाखला घरात असला की पोराच्या नोकरीची आशा असते. पण दाखला मिळतो तो सात-बारावर. मजुराचं नाव सात-बारावर नसतं. माझ्या मते आमच्या घराची सगळी कथा या एका कागदात आहे. आजोबांनी जमीन मागितली तेव्हा ते भूमिहीन म्हणून जेलात गेले. पावरहाऊस झालं तेव्हा भूमिहीन म्हणून त्यांचं काही गेलं नव्हतं. आणि आजीने घर मागितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, जागा कुठे आहे?

थोडं आत्याबद्दल सांगते, कारण सरकारी घर म्हणजे काय ते मी तिच्याकडे पाहिलं.

आत्याचे यजमान विद्युत बोर्डात कायम होते. कॉलनीत त्यांना क्वार्टर मिळालं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे धुणं धुवायला मोरी, नळाला पाणी. भाडं पगारातून कापलं जायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे राहायला जायची. एकदा आजीही आली. आत्याने तिला न्हाणीत पाणी काढून दिलं आणि दार लोटून घेतलं. आजी आतून म्हणाली, "कडी हाये व्हय गं याला?" कडी लागल्याचा आवाज आला. मग खूप वेळ पाण्याचा आवाज. आजी इतका वेळ आंघोळ करताना मी कधी पाहिली नव्हती. झोपडीत तिची आंघोळ पहाटे अंधारात, लुगडं नेसलेलं तसंच, गोणपाटाच्या आडोशाला व्हायची. बाहेर आली तेव्हा ती आत्याला म्हणाली, "कडीचं दार पायजे बाई मानसाला." पुढे घरकुलाचा विषय निघाला की ती स्लॅबबद्दल बोलायची नाही, खोल्यांबद्दल बोलायची नाही, कडीबद्दल बोलायची.

क्वार्टर आत्याच्या मालकीचं नव्हतं. आत्याचे यजमान अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि त्यांनी चावी परत दिली. तोवर त्यांनी पैसे साठवून सिडकोत एक जुनं घर घेतलं होतं. नाशिककरांसाठी सिडको ही एक वसाहतच आहे, सरकारी कंपनीचं नाव राहिलंच नाही. अंबड आणि सातपूरला कारखाने आले, माणसं आली, आणि सिडकोने नव्या नाशकात सहा योजनांत हजारो घरं बांधली, लहान घरांपासून मोठ्यांपर्यंत. जमीन नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. आत्याचं म्हातारपण त्यातल्याच एका घरात सरलं. सरकारने बांधलेल्या घराने माणूस कसा तरतो ते मी तिच्याकडे पाहिलंय, म्हणून ही घरं म्हणजे खिरापत असं कोणी म्हटलं की मला राग येतो.

पण सिडकोच्या घराला आधी हप्ते भरण्याइतका नियमित पगार लागत होता, आणि क्वार्टरला कायमची नोकरी. आमच्या झोपडीत दोन्ही नव्हतं. बाहेरच्या देशांत ही अडचण वेगळ्या वाटेने सोडवली. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनने १९१९ मध्ये कायदा करून नगरपालिकांना घरं बांधायला लावली, तीही भाड्याने द्यायला. सैनिक परत आला, त्याच्याकडे जमीन नाही, तर नको. घर पालिकेचं, भाडं परवडेल असं. व्हिएन्नात आज निम्म्याच्या आसपास लोक पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. आपल्याकडेही मुंबईत बीडीडी चाळी झाल्या, १९५२ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी भाड्याच्या घरांची योजना आली. खेड्यात मात्र सरकारी घर म्हणजे कायम एकच अर्थ राहिला: तुझ्या जागेवर तू बांध, आम्ही पैसे देतो. मला ही मूळची चूक वाटते. ज्याच्याकडे जागा आहे तो कसातरी दोन पत्रे टाकतोच. ज्याच्याकडे उभं राहायला जागा नाही तोच खरा बेघर, आणि नेमका तोच दारात अडतो.

खेड्यातली इंदिरा आवास १९८५ ची. तिच्यात एक चांगली गोष्ट होती, घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर. आमच्या वस्तीत पहिल्यांदा बायकांची नावं कशावर लागली असतील तर ती घरकुलाच्या पाटीवर. १९९९ मध्ये रेशनकार्डं तीन रंगांची झाली आणि आम्हाला पिवळं मिळालं. पण घरकुलाची यादी वेगळी, रेशनची वेगळी, हे वस्तीला कळायला वेळ लागला. मी आठवीत असल्यापासून वस्तीतले अर्ज लिहून द्यायची. 'मी खाली सही करणार' इथपासून 'तरी मेहेरबानी करून' इथपर्यंत सगळं तोंडपाठ. आज मागे वळून पाहिलं तर माझं मराठी त्या अर्जांवरच घडलं, आणि त्या भाषेतलं वाकणं अजून माझ्या वाक्यांतून पुरतं गेलेलं नाही.

२०११ मध्ये पुन्हा मोजणी झाली, सामाजिक, आर्थिक आणि जात सर्वेक्षण. या वेळी लुगडी विचारली नाहीत. दुचाकी आहे का, फ्रिज आहे का, लँडलाइन फोन आहे का, पक्क्या खोल्या किती, हे विचारलं. २०१६ मध्ये इंदिरा आवासच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना आली तेव्हा हीच मोजणी धरली गेली आणि ज्याच्या दारात मोटारसायकल त्याचं नाव गळलं. कामावर जायला हप्त्याने घेतलेली सेकंडहँड गाडी गरिबी संपल्याची खूण ठरली. दुचाकी, फ्रिज आणि लँडलाइनची ती अट २०२४ मध्ये काढली, पण तोवर आमच्या वस्तीतली किती पोरं सायकलवरून कंपनीत गेली ते मी पाहिलं आहे. आमच्याकडे गाडी नव्हती. कच्च्या भिंती, कच्चं छप्पर, एक खोली. २०१७ च्या ग्रामसभेत यादीचं वाचन झालं आणि आजीचं नाव आलं.

आजी त्या दिवशी देवळाच्या ओट्याखाली बसली होती. नाव वाचलं तेव्हा तिने 'हाये' म्हणून हात वर केला, शाळेतल्या हजेरीसारखा.

आणि मग तो प्रश्न. जागा?

झोपडीची जागा तिच्या नावावर नव्हती. कोणाच्याच नावावर नव्हती. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०११ मध्ये गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा असा निकाल दिला, त्यानंतर जुलैत राज्यानेही गायरानाबाबत कडक निर्णय घेतला. दादासाहेबांच्या लोकांनी जी जमीन मागत जेल भरले ती आता कायद्याने अधिकच लांब गेली. पुढे २०१८ मध्ये राज्याने सरकारी जागेवरची २०११ आधीची राहती घरं नियमित करायचं ठरवलं, घरकुलाला पात्र असलेल्याला पाचशे चौरस फुटांपर्यंत. मी ते कागद घेऊन फिरले. नाल्याच्या कडेची आमची जागा त्यात बसली नाही. जागा विकत घ्यायलाही एक योजना आहे, पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने, पाचशे फुटांपर्यंत सुरुवातीला पन्नास हजार आणि आता लाखभर. आडवळणाच्या गावात त्यात भागत असेल. नाशिकरोडला लागून असलेल्या एकलहऱ्यात गुंठ्याचा भाव ऐकून मी पुन्हा विचारायला गेले नाही. आणि २०२२ च्या अखेरीस हायकोर्टाच्या आदेशानंतर राज्यभर गायरानावरच्या दोन लाखांवर बांधकामांना नोटिसा निघायला लागल्या, तेव्हा वाटलं, बरं झालं, तोवर आजी तिथून हलली होती.

ती हलली ती थोरलीमुळे.

गावठाणातली पणजोबांची जागा ग्रामपंचायतीच्या दप्तरी अजून पणजोबांच्याच नावावर होती. आठ नंबरच्या उताऱ्यात त्यांचं नाव, पुढे घराचं वर्णन, 'माती-धाब्याचं'. आजीच्या वाट्याला आलेला अर्धा भाग पडून उकिरडा झाला होता. वारसनोंद करून सगळ्या वारसांनी संमती दिली तर तिथे घरकुल बांधता येईल असं कळलं. आजी आणि आत्या सोडून वारस पाच. माझे वडील, थोरलीची दोन मुलं, स्वतः थोरली, आणि सिन्नरकडे दिलेली आजोबांची बहीण. पणजोबांच्या मृत्यूची नोंद कुठेच नव्हती. प्रतिज्ञापत्र झालं, पंचनामा झाला. सिन्नरची आजी अंथरुणावर होती. तिने पडल्या पडल्या अंगठा दिला आणि माझ्या हातात दहाची नोट ठेवली, माहेरच्या घरात तिची म्हणून एक वीट घालायला.

राहिली थोरली. माझे वडील जायला तयार नव्हते. मी स्टॅम्पपेपर घेऊन गेले. ती शेळीला पाला घालत होती. मी सगळं सांगितलं. तिने कागदाकडे पाहिलंच नाही.

"ती का न्हाई आली?"

मी गप्प राहिले.

"तिला म्हनावं, तू ये."

मला वाटलं, संपलं सगळं. घरी येऊन आजीला सांगितलं. आजी उठली, चेहऱ्यावर पाणी मारलं, काठी घेतली आणि चालायला लागली. वस्तीपासून गावठाण अर्धा तास. ती वाटेत एक अक्षर बोलली नाही. थोरलीच्या अंगणात दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, दोघींची वयं ऐंशीच्या पुढे. आजी म्हणाली, "बाई, अंगठा द्या." पंचावन्न वर्षांनी उच्चारलेला तो पहिला शब्द, 'बाई'. थोरली म्हणाली, "देते. पर माझ्या शेळ्यांला वाट ठिव. दारापुडून चार हात."

घराला जागाच मुळात बेताची. २६९ चौरस फूट भरले पाहिजेत, नाहीतर घर बसत नाही. चार हात सोडले तर भिंत कुठे येईल, मी मनात हिशोब मांडत होते. आजीने हिशोब मांडला नाही. "चार न्हाई, पाच सोडते," म्हणाली. थोरलीने अंगठ्याला शाई लावून घेतली. आमच्या गवंड्याने मग मागच्या अंगाला घर ओढून ते फूट भरून काढले, म्हणून आमच्या घराची मोरी जरा अरुंद आहे.

दिवाळीनंतर, २०१९ मध्ये जोतं बांधायला घेतलं. मंजुरी १ लाख २० हजारांची, शौचालयाचे १२ हजार वेगळे, आणि रोजगार हमीच्या मस्टरवर नव्वद दिवसांची मजुरी. गवंडी म्हणाला, एवढेच वरून लागतील. आईने बचत गटातून काढले. पहिला हप्ता १५ हजारांचा, तो जोत्यातच संपला. पुढचे हप्ते कामाच्या टप्प्याने, आणि प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो. विटा राखेच्या आणल्या. औष्णिक केंद्राच्या राखेपासून विटा पाडायचा धंदा या भागात चांगला चालतो. १९९९ पासून केंद्राचा नियमच आहे की अशा केंद्रांच्या आसपासच्या बांधकामात ही राख वापरायची. वीट करडी, कडा धारदार, हाताला थंड. आजी रचलेल्या थप्पीपाशी जाऊन बसायची. एकदा तिने वीट उचलून वास घेतला. मी विचारलं, काय गं? म्हणाली, "तेवाचा कोळसा येगळा व्हता."

सज्ज्यापर्यंत काम आलं आणि मार्च २०२० मध्ये सगळं बंद पडलं. पावसाळा आजीने त्या उघड्या भिंतींवर ताडपत्री टाकून जागत काढला. टाळेबंदी उठल्यावर हप्ता जमा झाला, पण हाती येईना, कारण पैसे काढायच्या यंत्रावर तिचा अंगठा उमटत नव्हता. बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला होती, सुकडी आणि मिलो खाऊन. त्यानंतर कांद्याच्या खळ्यात. यंत्र पुन्हा पुन्हा लाल दिवा दाखवायचं. रांगेतली माणसं वैतागायची. आत बसलेला माणूस म्हणाला, आजी, हात धुऊन या. ती धुऊन आली. तेल लावून आली. बाहेरच्या हातपंपावर दगडावर बोटं घासून आली आणि त्यात कातडं निघालं. सहाव्या खेपेला डाव्या हाताची करंगळी लागली. तिथून बाहेर पडताना ती करंगळी मुठीत धरून चालत होती.

आता राज्याने या योजनेत ५० हजारांची भर घातली आहे आणि घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू फुकट द्यायची ठरवली आहे. गोदावरीच्या काठावर राहून आम्हाला वाळू विकत घ्यावी लागली होती, म्हणून ही बातमी मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, जागेचं काही आलंय का त्यात?

२०२१ मध्ये घर उभं राहिलं. स्लॅब पडला, दार बसलं. शौचालयाला कडी, मोरीला कडी, पुढच्या दाराला आतून कडी आणि बाहेरून कोयंडा. आजीने सगळ्या लावून पाहिल्या. भिंतीवर पाटी रंगवायची असते, योजनेचं नाव, वर्ष आणि खाली लाभार्थीचं नाव. पेंटरने तिचं नाव लिहिलं तेव्हा तिने मला वाचायला सांगितलं आणि मग पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.

शेवटचा फोटो काढायला इंजिनियर येणार होता. घरासमोर लाभार्थीने उभं राहायचं, तो फोटो पाठवला की शेवटचा हप्ता पडतो. सकाळपासून आजी अस्वस्थ. पेटी उघडायची, बंद करायची. मग बाहेर आली ती सगळ्यात जुनं, दोन ठिकाणी दंड घातलेलं लुगडं नेसून.

"अगं, जयंतीचं नेस ना. फोटो आहे."

"नगं. मोजलं तर?"

मी सांगितलं की आता कोणी मोजत नाही. तिला पटलं नाही. ती दंडाची बाजू पुढे घेऊन पाटीखाली उभी राहिली. इंजिनियरने दोनदा मागे सरकून फोटो घेतला. फोटोत कडेला थोरलीची एक शेळी आली आहे, त्या पाच हातांच्या वाटेवर.

तो गेल्यावर आजी आत गेली. कडी लावल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने जयंतीचं लुगडं नेसून बाहेर आली, वाट ओलांडली आणि थोरलीच्या ओट्यावर जाऊन बसली. थोरलीने तिच्या पदराचं टोक हातात घेऊन सूत चिमटीत धरून पाहिलं.

"पेटीत आनकी किती हायेत गं असली?"

"न्हाईत बाई," आजी म्हणाली. "हे येकच हाये."